दौलततात्यांचं वीरमरण

"तात्या, तुमी आयुष्यात कुणाला मारलंय का?" शाहिरांनी विचारलं.

दौलततात्या शिंगटे बराच वेळ आढ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "झुरळं."

"माणूस?"

"न्हाय बा. माणूस कशापायी मारायचा?"

"वाघबिघ?"

"वाघ बघितलाय. सर्कशीत."

शाहीर खुर्चीतून पुढं सरकले. "त्यानं डरकाळी फोडली. पब्लिक उठून पळालं. तुमी एकटे छाती काढून बसून ऱ्हायला."

"झोपला हुता त्यो," तात्या म्हणाले. "आमी बी मग घरला आलो."

"पूर? आग? दरोडा?"

"दरोडा पडलाय की!" तात्यांचा चेहरा उजळला. "शेजारी. आमाला सकाळी कळलं."

शाहिरांनी माझ्याकडं बघितलं. ज्या माणसानं उभ्या हयातीत कडे सर केले, खिंडी लढवल्या, खानाचा कोथळा हजारदा बाहेर काढला, त्याच्यापुढं एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या नावावर फक्त झुरळं होती. परवा दिवशी याच म्हाताऱ्याचा पोवाडा गायचा होता.

मी शाहीर सर्जेराव ढाण्यांचा झीलकरी. शाहीर डफावर थाप मारून कडवं म्हणतात, आणि कडवं संपलं की झीलकरी मागून 'जी जी रं जी जी' असा सूर ओढतो. तेवढ्यात शाहीर श्वास घेतात, घाम पुसतात आणि पुढची ओळ आठवतात. एवढंच काम. माझं स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी आईला विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" आई म्हणाली, "शाहिरांच्या मागं उभा राहून जी जी करतो." पाहुण्यांनी पोहे अर्धे ठेवले.

तात्यांना पंच्याहत्तर पूर्ण होत होती. थोरला मुलगा प्रतापराव साखर कारखान्यात संचालक, धाकट्या उदयरावांचं ट्रॅक्टरचं दुकान. दोघांची वाटणी झालेली. वाडीवस्तीवर वाटणी होते तेव्हा निदान बांध तरी शेतात असतो. इथं घराच्या मधोमध भिंत घातली होती. तात्या एक महिना भिंतीच्या अलीकडं जेवायचे, एक महिना पलीकडं. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. अमृतमहोत्सव मात्र एकत्र ठरला, कारण दुसऱ्याला एकट्यानं करू द्यायला दोघंही तयार नव्हते. प्रतापरावांनी ऑर्केस्ट्रा ठरवला. मग उदयरावांनीही काहीतरी ठरवायचं म्हणून आम्हाला ठरवलं.

त्या वर्षी आम्हाला कार्यक्रम नव्हते. म्हणजे अगदीच नव्हते असं नाही. उन्हाळ्याआधी एका शाळेत हात धुण्याचं अभियान केलं होतं. त्यात शाहिरांनी साबणाला भवानी तलवार केलं आणि जंतूंची अशी कत्तल उडवली की पहिलीच्या दोन पोरी रडायला लागल्या. त्यानंतर कुणी बोलावलं नाही. शेवटी शाहिरांच्या जावयानं हायवेवरच्या पेट्रोल पंपावर वॉचमनची जागा बघितली. खाकी शर्ट, काठी आणि शिट्टी घरी आणूनही दिली. सोमवारी हजर व्हायचं होतं. तात्यांचा कार्यक्रम रविवारी.

शिट्टी शाहिरांच्या खिशातच असायची. कुंभेवाडीला येताना एसटीत त्यांनी ती काढून मला दाखवली.

"सुक्या, ह्यो पोवाडा रंगला तर डफ. न्हाय रंगला तर ही."

"रंगंल की, शाहीर."

"रंगंल म्हनं. कुणाचा पोवाडा हाय, ठाव हाय का तुला?"

तेव्हा ठाऊक नव्हतं. आता समोर बसला होता.

"तात्या," शाहीर हात जोडून म्हणाले, "शेवटचं इचारतो. काय तरी धोक्याचं. एकदा तरी."

तात्यांनी पुन्हा आढ्याकडं बघितलं. "एकदा म्हैस पडली हुती हिरीत."

"कुणाची?"

"आमचीच. चंद्री."

"मग?"

"काढली."

"कुणी?"

"गावानं. दोर लावून."

"तुमी दोराला हुता?" शाहिरांचा आवाज कापत होता.

"व्हय की."

"सगळ्यात पुढं!"

"न्हाय. मागनं तिसरा."

शाहीर विचारात पडले. "मागनं तिसरा म्हंजे आपल्या बाजूनं बघितलं तर. म्हशीच्या बाजूनं बघितलं तर?"

"म्हशीनं न्हाय बघितलं," तात्या म्हणाले. "तिचं तोंड तिकडं हुतं."

तरीही शाहीर उठले ते डफ खांद्याला लावलेल्या माणसासारखे. विहीर मिळाली होती, म्हैस मिळाली होती. बाकी माल आमच्याकडं तयार असतो. आम्ही निघालो तेव्हा तात्या उंबऱ्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "शाहीर, एक इचारू? पोवाड्यात शेवटाला गडी मरतोय न्हवं?"

"तुमच्या पोवाड्यात न्हाय मरणार, तात्या! शंभरी गाठून देतो तुमाला."

"आसं व्हय," तात्या म्हणाले, आणि आत गेले. मला ते जरा हिरमुसल्यासारखे वाटले. पण मी झीलकरी आहे. मला वाटलेलं विचारायची कुणाला सवय नाही.

---

रविवारी सकाळी मी शाहिरांच्या घरी गेलो तर डफ अंगणात उन्हात होता आणि त्यावर कुरडया वाळत होत्या.

"काकी, हे काय?"

"चामडं कसं ताणलेलं हाय बघ," सुंदराकाकी म्हणाल्या. "कुरडई चिकटत न्हाय. इतकी वर्सं घरात पडून हुता, मला आत्ता कळलं."

शाहीर आरशापुढं फेटा बांधत होते. "सुंदरा, आज तेवढा दे. उद्यापास्नं तुझाच हाय."

काकींनी एकेक कुरडई उचलली. तोंडानं बोलणं चालूच होतं. "आणि शेवट नीट करा. तुमाला सवय लागलीया. गेल्या साली वाढदिवसाला नातवाला गोष्ट सांगितली, त्यात ससा बी धारातीर्थी पाडलासा. पोरगं दोन दिवस जेवलं न्हाय."

"ससा कासवाच्या हातनं पडला, त्यो काय माझा दोष न्हाय."

"शेवट म्हणून दावा."

शाहिरांनी डफ घेतला आणि शेवट म्हणून दाखवला. बरा होता:

*शंभरी गाठो दौलत, नांदो शिंगट्यांचं घर,*
*दोन पुत्र दोन बाहू, सुखी राहो शिवार, जी जी रं जी जी*

यात दोन्ही भावांची सोय होती. दोघांनीही फोन करून स्वतंत्रपणे बजावलं होतं की आपलं नाव आधी आलं पाहिजे. शाहिरांनी कुणाचंच नाव घातलं नव्हतं. काकींनी मान हलवली. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सुकदेव, लक्ष ठेव. मरणाकडं वळायला लागला तर मागनं सदरा ओढ."

---

मांडवात दोन फ्लेक्स होते. एकावर प्रतापराव तात्यांच्या पाया पडत होते, दुसऱ्यावर उदयराव. पाय एकच फोटोतले होते. दोघांनी आपापले कर्णे लावले होते, अर्ध्या गावाकडं याचे, अर्ध्या गावाकडं त्याचे, आणि वरच्या आवाजात कुणी मागं राहायला नको म्हणून दोन्ही पार शेवटपर्यंत पिळलेले. कुंभेवाडीत त्या दिवशी बहिऱ्या माणसालाही कार्यक्रम चुकवता येणार नव्हता. आमदार येणार होते. त्यांची खुर्ची आली होती.

तात्या पहिल्या रांगेत मधोमध. गळ्यात दोन हार, एक थोरल्याचा, एक धाकट्याचा, दोन्ही हनुवटीपर्यंत. कपाळाला गंध. मान हलवायला जागाच नव्हती, त्यामुळं ते न हलता समोर बघत बसले होते. मागं पांढरा पडदा. लांबून बघणाऱ्याला फोटोच वाटला असता.

गण झाला, मुजरा झाला. ऑर्केस्ट्रावाले बाजूला बसून हेडफोनवर काहीतरी ऐकत होते. लोक शेंगा खात होते. पहिली दोन कडवी अशीच गेली. तात्यांचा जन्म झाला, बारसं झालं, कुणाचं लक्ष नव्हतं. शाहिरांनी एक हात खिशाला लावला. मला आतली शिट्टी दिसली नाही, पण ती तिथं होती हे दोघांनाही माहीत होतं.

मग त्यांनी डफावर अशी थाप मारली की पुढच्या रांगेतल्या एका माणसाची शेंग पडली.

*वळवाचं फुटलं आभाळ, वीज कडाडली शिवारात,*
*बिथरली चंद्री म्हैस, कोसळली काळ्या पाण्यात, जी जी रं जी जी*

वळीव हा आमच्या पदरचा. म्हैस उन्हाळ्यात भर दुपारी पाणी प्यायला वाकून पडली होती. पण माना वळल्या. चंद्री आठवणारी माणसं मांडवात होती. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "लई दुधाची हुती बाई."

शाहिरांना तेवढं पुरलं. आवाज वर चढला. गाव काठावर उभं राहून रडतंय, कुणाची हिंमत होत नाही, विहिरीच्या तळाशी म्हशीचे डोळे दोन दिव्यांसारखे. आणि मग गर्दी बाजूला सारत आला, कासोटा कसत आला, मिशीला पीळ देत आला दौलत. तात्यांना मिशी नाही. कुणीही हरकत घेतली नाही. मागनं तिसरा असलेला माणूस बघता बघता दोराच्या टोकाला पोचला. टोकावरून त्यानं आत उडी मारली.

लोक शेंगा खायचे थांबले. ढोलकीवर दगडूमामा होते, त्यांची बोटं दिसेनाशी झाली. मी 'जी जी' ओढत होतो आणि माझ्या अंगावर काटा उभा राहत होता. विहिरीत काय होणार हे मला ठाऊक होतं, तरी.

शाहिरांचे डोळे मिटले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. डोळे मिटले की त्यांना गाव दिसत नाही, फक्त खिंड दिसते.

*छातीवर झेलली शिंगं, दोर बांधला पोटास,*
*म्हैस लावली काठाला...*

मी सदरा धरला. ओढला. शाहिरांना वाटलं, जोर दे म्हणतोय.

*...मर्दानं सोडला श्वास, जी जी रं जी जी*

*हात जोडून म्हणाला दौलत, आता देतो मी निरोप,*
*काळ्या पाण्यात शिंगट्यांचा विझला सोन्याचा दीप!*

डफ थांबला. शाहिरांनी डोळे उघडले. समोर तात्या बसले होते.

ढोलकी थांबली. आजवरच्या कुठल्याही पोवाड्यात मेलेला माणूस पहिल्या रांगेत बसलेला नव्हता. त्यामुळं पुढं काय करायचं हे आम्हा तिघांपैकी कुणालाही माहीत नव्हतं. मला एकच गोष्ट येत होती. मी ती केली.

"जी जी रं जी जी," मी म्हणालो. "जी जी रं जी जी. जी जी जी जी जी."

मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. मग आणखी एकीनं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मी बघतोय तोवर बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. सगळ्यांना तात्या दिसत होते. पण पोवाडा ऐकताना दिसण्याचा फार उपयोग होत नाही.

बाहेरच्यांना तर तात्या दिसतही नव्हते. त्यांना फक्त कर्णे ऐकू येत होते. किराणा दुकानाचं शटर खाली आल्याचा आवाज आला. पलीकडच्या गल्लीत चालू असलेलं एका पोराचं जावळ थांबलं, न्हावी अर्धं डोकं तसंच ठेवून हात जोडून उभा राहिला. आणि तात्यांची बहीण, अनुसयाआत्या, जी एसटी उशिरा सुटल्यामुळं आत्ता कुठं स्टँडवर उतरली होती, तिनं 'विझला सोन्याचा दीप' एवढंच ऐकलं.

ती हंबरडा फोडतच मांडवात शिरली. "दादा रं! माझ्या दादा! मला न भेटता गेलास रं!" आणि सरळ येऊन तात्यांच्या मांडीवर कोसळली.

तात्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. "उगी, अनशे. उगी."

हे ऐकून ती आणखीच रडली. "असाच बोलायचा गं माझा दादा!"

"जी जी रं जी जी," मी म्हणालो.

उदयराव ताडकन उठले. "शाहीर! तुमी तात्यांस्नी मारलं!" त्यांचे डोळे लाल होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि राग व रडू यांतलं आधी कुठलं करावं हे त्यांना समजत नव्हतं. "पंच्याहत्तरीला! माज्या पैशानं!"

"आणा माघारी!" प्रतापराव ओरडले. तेही उभे होते. तेही रडत होते. "आत्ताच्या आत्ता माघारी आणा! न्हायतर डफासकट हिरीत घालीन!"

शाहीर पांढरे पडले होते. ते माझ्याकडं झुकून कुजबुजले, "सुक्या, मेलेला माणूस माघारी कसा आणायचा?"

"जी जी रं जी जी," मी म्हणालो. थांबलो असतो तर सगळंच थांबलं असतं.

"आजवर कुणी आणला न्हाय रं."

"जी जी जी जी."

मांडवाच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं खाली उतरून बांबू काढायला सुरुवात केली. शेजारच्या वाडीतून आला होता. कर्णा तिथपर्यंत ऐकू जात होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण माणूस वेळेवर येणारा होता.

शाहीर त्या बांबूंकडं बघत राहिले. मग त्यांची नजर मांडवाबाहेर गेली. तिथं कुणाची तरी म्हैस उभी होती आणि आमच्याकडं बघत रवंथ करत होती. शाहिरांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उमटलं की मी नकळत 'जी जी'चा सूर एक पट्टी वर नेला. डफ वर गेला.

*रेड्यावर बसुनी आला यम, हातात घेऊन फास,*
*म्हणे चल रं दौलत संगं, सरला तुझा श्वास, जी जी रं जी जी!*

दगडूमामांची बोटं पुन्हा दिसेनाशी झाली.

*रेड्यानं वळवली मान, बघे काठावरची म्हैस,*
*म्हणे चंद्री माझी मावसबहीण, हिला यानंच दिला श्वास!*

मांडवात एक हसू फुटलं. एकच, मागून. आणि मग थांबलं, कारण सगळ्यांना पुढचं ऐकायचं होतं.

*टेकले रेड्यानं गुडघे, मांडलं रस्त्यात ठाण,*
*म्हणे यमा, तू जा पायी, मी पाहुण्याचा ठेवीन मान!*

"बस खाली!" कुणीतरी रेड्याला ओरडून सांगितलं. "उठू नगं!"

यम खाली उतरला. यमानं रेड्याचं शेपूट पिळलं. यमानं त्याला पेंडीची लालूच दाखवली. रेडा उठेना. यम म्हणाला, मग मी चालत जातो, आणि चालत शिंगट्यांच्या दारापर्यंत आला. आता मात्र शाहिरांकडं पुढं काही नव्हतं. मला ते पाठीवरून कळतं. ओळ संपत आली की त्यांचा डावा खांदा खाली येतो. यम दारात उभा होता आणि शाहिरांचा डावा खांदा खाली आला.

मग त्यांचा हात खिशात गेला.

शिट्टी वाजली. दोन्ही बाजूंच्या कर्ण्यांतून वाजली. अनुसयाआत्या दचकून उठून बसली. शाहिरांनी डफ माझ्याकडं फेकला, मंचाच्या कडेला जाऊन पाय फाकवून उभे राहिले आणि मोकळ्या हवेत यमाला हात दाखवला.

"ए! मागं घे! मागं घे! आत जागा न्हाय!"

फुर्रर.

"गेट बंद हाय! कुणी सोडलं रं तुला? मागं घे म्हनतो न्हवं!"

फुर्रर.

"मागं घे!" मांडव ओरडला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. "मागं घे! मागं घे!"

शाहिरांनी यमाला दारातून काढला, गल्लीतून मागं घेतला, देवळाच्या कोपऱ्याला जरा अडकला तिथं "डावीकडं, डावीकडं, हां, येऊ दे" करून सोडवला, उसाच्या फडाकडून नेऊन हायवेला लावला आणि तिथून हात हलवून कराडच्या दिशेनं सोडून दिला. आयुष्यात त्यांनी वॉचमनगिरी केली ती एवढीच. फाटकावरून परत पाठवलेला माणूसही एकच, पण तो यम होता.

मग त्यांनी तात्यांकडं हात केला, आणि दोन हारांसकट, गंधासकट, दौलततात्या शिंगटे खुर्चीतून उठून उभे राहिले.

पुढचा आवाज मला नीट सांगता येणार नाही. मांडवाचा एक कोपरा खाली आला, एवढं सांगतो. टोप्या वर गेल्या त्या कुणाच्या कुणाला मिळाल्या. ऑर्केस्ट्राचा गायक टाळ्या वाजवताना मी स्वतः बघितला. टेम्पोवाला बांबू घेऊन पुढं आला आणि त्यानं पडलेल्या कोपऱ्याला तेच टेकू म्हणून लावले. न्हाव्यानं उरलेलं अर्धं डोकं उरकायला घेतलं.

---

कार्यक्रम झाल्यावर मांडवामागं दोघं भाऊ आमची वाट बघत होते. शाहिरांनी फेटा काढून हातात घेतला होता. मला तर आवाजच उरला नव्हता.

"शाहीर," प्रतापरावांनी सुरुवात केली, "माघारी आणलं त्ये ठीक हाय. पण मुदलात मारलं कशापायी? आमचा काय मान—"

"गप रं," मागून तात्या म्हणाले.

ते हार काढत आले होते. एक अजून कानाला अडकला होता. "शाहीर, मी तुमाला इचारलं हुतं. शेवटाला गडी मरतोय का म्हनून. तुमी न्हाय म्हनला, तवा मला लई वाईट वाटलं."

"तात्या, आवो—"

"माणूस मरतोय तवा काय हुतंय ह्ये सगळ्यांस्नी बघाय मिळतंय. एकट्या त्याला सोडून." तात्या पोरांकडं वळले. "आज मी बघितलं. अनशी आली. दुकान बंद झालं. आणि ह्ये दोघं." त्यांनी दोघांकडं बोट केलं. "रडताना ह्येच्याकडं पंचा न्हवता. तवा त्या दुसऱ्यानं आपला दिला. एकाच पंच्यानं डोळं पुसत हुते. भिंत घातल्यापास्नं पहिल्यांदा."

दोघं भाऊ खाली बघायला लागले. पंचा अजून प्रतापरावांच्या हातात होता. तो उदयरावांचा होता. त्यांनी तो परत द्यावा की ठेवावा, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी एक टोक यांच्या हातात आणि एक टोक त्यांच्या हातात असे ते उभे राहिले.

तात्या शाहिरांच्या जवळ आले. "आता पुना कवा मारताय?"

सोमवारी शाहीर पंपावर गेले नाहीत. जावई चिडला, पण मंगळवारी त्याच्याच वडिलांचा फोन आला. आवाज दबका होता. "शाहीर, मला हार्ट अटॅकचं काही नको. लढाईत बघा. परत आणायचं मात्र नक्की ना?"

तिथून सुरू झालं. चार तालुक्यांतल्या म्हाताऱ्यांना आम्ही मारलं. रिटायर मास्तर, सरपंच, एक पोस्टमन, दोन डॉक्टर. एका कंडक्टरला आम्ही घाटात शहीद केलं आणि त्याच्या बायकोनं, जी त्याच्याशी नीट बोलत नसे, भर मांडवात त्याला माफ केलं. कार्यक्रमांची गर्दी इतकी झाली की रेडा थकेल अशी मला भीती वाटायची. शाहिरांना मोठ्या शहरातून बोलावणी आली, सत्कार झाले, शाली जमल्या. काकींनी कुरडयांसाठी दुसरा डफ आणवून घेतला. माझं लग्न झालं, पाहुण्यांनी विचारलं, मुलगा काय करतो, आणि आई म्हणाली, "माणसं मेल्यावर मध्ये जो वेळ जातो, तो हा सांभाळतो." त्यांनी पोहे संपवले.

कुंभेवाडीची ती भिंत पुढं पाडली. तात्यांनी आमच्याकडून आणखी दोनदा मरून घेतलं. चौथ्यांदा ते खरंच गेले, नव्वदीच्या उंबऱ्यावर, झोपेत. आम्ही दोघं गेलो होतो. मुलांनी सांगितलं, शेवटी शेवटी म्हणायचे, मला सगळं बघून झालंय.

---

गेल्या वर्षी शाहिरांचीच पंच्याहत्तरी झाली. आता डफ माझ्याकडं आहे. मागं एक नवा झीलकरी असतो, चांगला आहे, जरा हळवा आहे.

आदल्या दिवशी शाहिरांनी मला बोलावून घेतलं. "सुक्या, मला मारशील न्हवं?"

"मारतो की, शाहीर."

"कशात?"

"पेट्रोल पंपावर. तुमी फाटकावर एकटे, समोरनं फौज."

"झकास. आणि आणायची घाई करू नगं. रडू दे जरा लोकांस्नी."

मांडव भरला होता. पहिल्या रांगेत मधोमध शाहीर, गळ्यात हनुवटीपर्यंत हार, डोळे मिटलेले. शेजारी सुंदराकाकी. मी फौज आणली, काठी मोडली, शिट्टी शेवटची वाजवली. मग मी माझेही डोळे मिटले आणि ज्या माणसानं मला सूर दिला, त्याला फाटकाच्या उंबऱ्यावर आडवा केला.

डफ थांबला. मागून 'जी जी' यायला हवं होतं. आलं नाही.

मी वळून बघितलं. झीलकरी तोंडात टॉवेल कोंबून रडत होता. दगडूमामांनी ढोलकीवर डोकं टेकलं होतं. माझ्याकडं पुढची ओळ नव्हती. ती आठवायला जो वेळ लागतो, तोच मला कुणी देत नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सूर आला. डोळे मिटलेले, मान न हललेली, हारांच्या आतून, अगदी पट्टीत.

"जी जी रं जी जी," मेलेले शाहीर म्हणाले. "जी जी रं जी जी."

मी श्वास घेतला, घाम पुसला, आणि रेडा आणला.